ज्योतीराम आणि दिव्यातलं धुकं

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत कुठं भोक किंवा फट दिसली तर ज्योतीरामला सांगायचं नाही, असा अलिखित नियम आहे. कारण तो ती बुजवतो. जिन्यातल्या भिंतीतून पाणी झिरपत होतं तेव्हा त्यानं तिथली फट बुजवली, ते ठीकच झालं. पण त्याच झपाट्यात त्यानं गच्चीवरचं पाणी वाहून जायला ठेवलेलं भोकही बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर तळं साचलं. सेक्रेटरी जाब विचारायला गेले, तर हा त्यांनाच म्हणाला, आता खाली एक तरी थेंब येतोय का ते सांगा. थेंब येत नव्हता, हे सेक्रेटरींना कबूल करावं लागलं.

मी उद्धव. उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कोणती गाडी कधी आली, कधी सुटली आणि कुणामुळं खोळंबली, हे बघायची डोळ्यांना लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यात आमचा फ्लॅट पार्किंगच्या बरोबर वर. बायको म्हणते, हे खिडकीत बसून लोकांच्या चौकशा करतात. मी म्हणतो, मी लक्ष ठेवतो. फरक आहे, पण तिला पटत नाही.

ज्योतीराम राहतो आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. मूळचा बार्शीकडचा. मिसरूड फुटायच्या वयात इकडं आला आणि चाकणच्या एका कंपनीत चिकटला तो रिटायर होईपर्यंत. गाड्यांचे हेडलाइट बनवणारी कंपनी. तिथं लाइनवर याचं काम एकच. तयार झालेला दिवा पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. बुडबुडा आला की दिवा बाजूला, नाही आला की पुढं. पुढं म्हणजे कुठं, ते त्यानं कधी पाहिलं नाही. लाइन अशीच असते. डावीकडून आलं, उजवीकडं दिलं. मान वळवायला सवड कुणाला असते?

पण त्या बुडबुड्याचा त्याला केवढा अभिमान. माझ्या हातून पुढं गेलेल्या दिव्यात पाणी शिरलं तर मिशी उतरवीन, असं तो भर सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणाला होता. विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा होता, तरी म्हणाला. आणि माणूस शब्दाचा पक्का, इतका की त्रास व्हावा. एकदा रागाच्या भरात चुलतभावाला बोलून गेला, तुझ्या दारचा चहा घेणार नाही. पुढं त्या भावाच्या मुलीच्या लग्नात हा पोटभर जेवला, वर दोन वाट्या बासुंदी प्यायला, पण चहाला शिवला नाही.

पूर्वी तो दापोडीला राहायचा, रेल्वेलाइनजवळच्या एका गल्लीत, एका खोलीत. बायको सावित्रीबाई वारल्या तेव्हा मुलानं, समाधाननं, त्याला इकडं आणलं. ती खोली मात्र ज्योतीरामनं सोडली नाही. असू दे, कधी लागली तर, एवढंच म्हणायचा.

समाधानही चाकणलाच एका कंपनीत आहे. शिफ्ट, त्यावर ओव्हरटाइम, त्यामुळं तो घरी येतो तो झोपायला. त्याची बायको विजयश्री घरून केकच्या ऑर्डरी घेते. त्यासाठी तिनं बेकरीवाल्यांकडं असतो तसला मोठा ओव्हन घेतलाय. केकचे कापलेले काठ ती आमच्याकडं वाटीतून धाडते, आणि ती वाटी परत करायला बायकोच्या आधी मीच उठतो. असा माझा त्या घरात राबता.

म्हणजे घरात दिवसभर दोघंच, ज्योतीराम आणि विजयश्री. आणि दिवसभर खडाजंगी. यानं स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या कडेची फट अशी काही बुजवली की पंखाच फिरेना. तिनं त्यावरून त्याला झाडलं. यानं तिच्या केकमध्ये साखर जास्त असते असं गिऱ्हाइकासमोर सांगितलं. तिनं त्यावरून दोन दिवस त्याची चूक उगाळली. मी खाली बसून सगळं ऐकायचो. पोर वैतागली आहे, म्हातारा एकदाचा दापोडीला गेला तर सुटेल, असं माझं पक्कं मत होतं आणि ते मी बायकोला अनेकदा ऐकवलंही होतं.

तर यांची पांढरी गाडी, सेकंडहँड. श्रावणात मोशीजवळ एक टेम्पो मागं घेताना तिच्या तोंडावर घासला. बाकी काही नाही, पण डावा हेडलाइट कडेनं उचकला. काच आणि मागची पेटी जिथं जुळतात तिथलं रबर सुटलं आणि पाऊस पडला की दिवा आतून घामेजायला लागला. समाधान म्हणाला, गॅरेजला टाकतो, नवा दिवा बसवून घेतो. ज्योतीरामला ते सोसवेना. सगळी नोकरी दिव्यात पाणी शिरू नये म्हणून घालवली आणि घरच्या गाडीत नवा दिवा विकत आणायचा? हा दिवा मी घरी सील करतो, तो म्हणाला. मी तेव्हा वाटी परत करायला गेलो होतो, आणि अशा वेळी पाय निघत नाही.

समाधान दमलेला होता, जेवता जेवता पटकन बोलून गेला.

"बाबा, तुम्ही कंपनीत फक्त बुडवायचात. बनवणारे दुसरे होते."

असं बोलायला नको होतं. ज्योतीरामचा हात ताटातच थांबला. मग पाणी पिऊन त्यानं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवा आमी घरीच सील करनार. आन त्यात परत धुकं दिसलं, तर मी माझी पिशवी उचलून दापोडीला जानार. पुन्हा हितं राहायला येनार न्हाई."

समाधान जेवत राहिला. विजयश्रीनं कढई जरा जोरात आपटली, एवढंच. ती कशासाठी आपटली ते मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, ओव्हन मागणार हे तिनं ओळखलं.

ओव्हन त्यानं मागितलाच. हेडलाइट उघडायचा तर आधी त्याला मंद आचेवर शेकावा लागतो, म्हणजे कडेचं जुनं रबर मऊ पडतं. विजयश्रीनं ट्रे बाहेर काढले, आत फॉइल अंथरलं आणि बजावलं की माझ्या केकला रबराचा वास लागला तर तुम्हालाच गिऱ्हाइकाकडं पाठवीन. दिवस रविवारचा, बाहेर रिपरिप, समाधान शिफ्टला. खालच्या गॅरेजचा शहेबाज येऊन बंपर सोडवून, दिवा काढून देऊन गेला होता. मी स्टुलावर बसलो होतो. बोलावलं कुणी नव्हतं.

खरं सांगतो, काम बघत राहावं असं होतं. लाकडी फळीवर दिवा ठेवून त्यानं तो ओव्हनमध्ये सरकवला आणि दारासमोर उकिडवा बसून राहिला. रबर सैल पडल्यावर चपटा स्क्रूड्रायव्हर कडेनं हळूहळू फिरवत त्यानं काच अलगद सोडवली. जुनं रबर खरवडलं, खाच पुसली. मग दोरीसारखं काळं चिकट रबर खाचेतून अंथरत आणलं, कुठं ताणलं नाही, कुठं चुरगळू दिलं नाही. दिवा परत शेकला, काच दाबून बसवली. इतका वेळ त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता, ज्योतीरामच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

तेवढ्यात त्यानं दिवा उलटा केला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मागच्या बाजूला दोन बारीक रबरी टोप्या होत्या. एक काढून बघितली तर खाली सरळ आरपार भोक. दुसरीखालीही तेच. कुनाची शिफ्ट होती कुनास ठाऊक, तो म्हणाला, भोकं तशीच ठेवून वर टोपी घालून दिवा पुढं ढकललाय. मी म्हटलं, अहो, काही कारणानं ठेवली असतील. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की एसटीवाल्यानं एसटीपुरतं बोलावं. टोप्या कचऱ्यात गेल्या, भोकांत सिलिकॉन गेलं, वरून बोटानं गुळगुळीत केलं. मग बल्ब बसवून मागचं झाकणही घट्ट लावलं.

शेजारी शेगडीवर विजयश्रीनं इडल्या लावल्या होत्या. एक्झॉस्टचा पंखा बंद, कारण तो कुणी बंद पाडला ते सांगितलंच आहे. स्वयंपाकघरात वाफ इतकी की माझ्या चष्म्यावर धुकं धरलं. मी चष्मा पुसला आणि इडल्या खाल्ल्या. बाकी काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवा निवल्यावर त्यानं तो बाथरूममधल्या टबात बुडवला आणि आम्ही दोघं श्वास धरून वाकलो. एकही बुडबुडा आला नाही. ज्योतीरामनं मला विचारलं, बघितलंत? मी म्हटलं, बघितलं.

मग काय, नवरात्र गेलं, दिवाळी गेली, पण याचं दिवापुराण संपेना. पार्किंगमध्ये जो भेटेल त्याला तो दिवा दाखवायचा. शहेबाजनं म्हणे एक-दोन गिऱ्हाइकंही सुचवली, पण हा म्हणाला, थंडी पडू दे. थंडीत खरी परीक्षा असते. गार हवा लागली की आत पाणी असेल ते काचेवर येतंच.

थंडी पडली. रोज सकाळी ज्योतीराम माकडटोपी घालून दूध आणायला जायचा, परतताना गाडीसमोर वाकायचा, दिव्यात डोकावायचा आणि माझ्या खिडकीकडं बघून हात वर करायचा. दिवा लख्ख. मीही हात वर करायचो. मला त्याचं मनापासून बरं वाटायचं. रिटायर झालेल्या माणसाला सकाळी उठून बघायला काहीतरी लागतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

पण मला आणखी एक गोष्ट दिसत होती. ज्योतीराम येण्याच्या बरंच आधी, उजाडायच्या सुमारास विजयश्री खाली यायची. अंगात स्वेटर, केस तसेच बांधलेले. गाडीत बसायची, गाडीचे दिवे लावायची आणि नुसती बसून राहायची. समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड. बऱ्याच वेळानं दिवे बंद करून, पुढं येऊन एकदा बघून, पायांचा आवाज न करता वर जायची. हे रोज.

माझ्यातल्या नियंत्रकाला चैन पडेना. गाडी सुटत नाही, कुणी चढत नाही, उतरत नाही, मग दिवे लावून बसायचं कशाला? मी तर्क लढवला. सासऱ्याच्या नजरेआड बसून माहेरी फोन करत असणार, आईजवळ रडत असणार. घरात तो म्हातारा, बिचारीला बोलायला गाडीत यावं लागतं. बायको म्हणाली, तुम्हाला काय करायचंय. तरी समाधानला एकदा आडून सुचवावं, असं मी ठरवलं होतं. नशीब माझं, तो सापडला नाही.

मग एका सकाळी समाधानची कंपनीची बस चुकली. गाडी काढायला तो धावत खाली आला, किल्ली फिरवली, तर नुसतं टक आणि गप्प. बॅटरी उतरली होती. ढकलून सुरू करू म्हणून वॉचमन कोंडीराम आला, मी आलो, दूध घेऊन परतणारा ज्योतीरामही पिशवी कठड्यावर ठेवून आला. गाडी पार्किंगच्या कोपऱ्यातून बाहेर उजेडात आणली. दोनदा ढकलली, सुरू काही झाली नाही. आम्ही धापा टाकत थांबलो, आणि ज्योतीरामनं सवयीनं पुढं जाऊन डावा दिवा बघितला.

दिवा आतून पांढराफटक. दुधाचा ग्लास विसळायचा राहिला की दिसतो तसा. ज्योतीरामनं बोटानं पुसला. धुकं आत होतं, ते कुठून पुसलं जाणार? तरी त्यानं आणखी एकदा पुसला.

समाधानला दिव्याशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला शिफ्ट गाठायची होती. काल तर गाडी चालू होती, बॅटरी उतरलीच कशी, असं तो स्वतःशीच चिडून म्हणाला. कोंडीरामनं सरळ मनानं उत्तर दिलं.

"दिवं लावून बसत्यात की वहिनी रोज सकाळी. मग उतरनारच की."

विजयश्री जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आम्ही सगळे तिच्याकडं बघायला लागलो. आणि मला तिथल्या तिथं लख्ख कळलं की मी किती दिवस काय बघत होतो.

पहिल्या थंडीतच तिला धुकं दिसलं होतं, तिनंच सांगितलं. केक पोचवायला सकाळी लवकर गाडी काढली, दिवा पांढरा. जाऊन येईपर्यंत मात्र बल्बच्या उष्णतेनं तो साफ झाला होता. मग रोज तेच. ज्योतीराम उठायच्या आत खाली यायचं, दिवे लावून काच तापवायची, धुकं विरलं की वर जायचं. त्या दिवशी ती आली तेव्हा दिवे लागलेच नव्हते.

"पण कशासाठी?" समाधाननं विचारलं.

ती बोलली ते त्याच्याशी नाही, सासऱ्याशी बोलली. "तुम्ही शब्दाचे पक्के आहात ना, म्हणून. धुकं दिसलं की तुम्ही जाणार. दिवसभर या घरात माझ्याशी बोलणारे तुम्ही एकटेच आहात, बाबा. भांडता, पण बोलता. तुम्ही गेल्यावर मी काय त्या ओव्हनशी भांडू?"

तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला रागही आला होता. ज्योतीराम तिच्याकडं बघत राहिला. मग दुधाची पिशवी उचलून वर गेला. मला वाटलं, निवळलं. थोड्या वेळात तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू. एवढं सगळं ऐकल्यावरही हा माणूस शब्द धरून बसतो म्हणजे काय. समाधाननं समजावलं, मी दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, सगळ्यांदेखत बोललोय. आता सुनेनं झाकपाक करून ठेवलेला सासरा म्हणून बसू काय? समाधानची शिफ्ट होती, तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर गेला. विजयश्री मला हळूच म्हणाली, काका, तुम्ही तरी बरोबर जा. मी स्कूटर काढली.

पिंपळे गुरववरून आम्ही दापोडीला निघालो, मध्ये पिशवी, मागं ज्योतीराम. वाटेत तो एकदाच बोलला. "उद्धवराव, एक बुडबुडा आला नव्हता. तुमी बघितलंत." मी म्हटलं, बघितलं. त्याला धुकं दिसल्याचं दुःख होतं, पण का धरलं ते कळत नव्हतं याचं त्याहून जास्त होतं.

गल्लीत शेजारच्या दारात सुमनताई मेथी निवडत बसल्या होत्या. या बाई त्याच कंपनीतल्या. त्याच बसनं यायच्या जायच्या, आणि लाइनवर त्यांची जागा ज्योतीरामच्या लगेच पुढची. आवाज असा की पलीकडून लोकल जात असली तरी त्यांना थांबावं लागत नाही. ज्योतीरामला पिशवीसकट बघून त्या म्हणाल्या, सून भांडली व्हय? तो सरळ खोलीचं कुलूप काढायला लागला, तेव्हा सगळी हकीकत मी सांगितली. टेम्पोपासून बॅटरीपर्यंत. मध्ये भोकांपाशी आलो तसा त्यांचा मेथी निवडणारा हात थांबला.

"मागची दोन भोकं? ती काय केली?"

"बुजवली," ज्योतीराम कुलपाशी खटपट करत म्हणाला.

सुमनताई हसल्या. साधं नाही, मेथीची परात मांडीवरून खाली ठेवावी लागली इतक्या हसल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "ज्योतीरामभाऊ, मी इतकी वर्सं तुमच्या शेजारी हुभी राहून काय करत हुते?"

"कसल्या तरी टोप्या लावत होता म्हनं."

"कशाला?"

 ज्योतीराम कुलूप हातात घेऊन पहिल्यांदाच त्यांच्याकडं वळला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. टाकीत बुडवताना आत पाणी शिरू नये म्हणून दिवा ज्योतीरामकडं यायच्या आधी एक मुलगी त्या भोकांत बुचं मारायची. तो बघायचा तो दिवा नेहमी बूच मारलेला, सगळीकडून बंद. तो पुढं सुमनताईंकडं आला की त्या बुचं काढायच्या आणि टोप्या बसवायच्या. दिवा तापला की आतली हवा फुगते, निवला की आकसते, तिला यायला-जायला वाट लागते. त्या टोपीतून हवा जाते, पाणी जात नाही. तीच वाट यानं सिलिकॉननं बंद केली होती, आणि आत कोंडली होती ती पावसाळी दिवसाची ओल. मला एकदम इडल्या आठवल्या. तेही मी सांगितलं, आणि सुमनताई दुसऱ्यांदा हसल्या.

"अवो, तुमी कायम माझ्याकडं पाठ करून. एकदा मान वळीवली असती तर दिसलं असतं की."

ज्योतीरामनं कुलूप पायरीवर ठेवलं. मग त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हंजी सील चुकलं न्हाई?"

"सील एक नंबर," त्या म्हणाल्या.

त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मी लगेच संधी साधून म्हटलं, चला तर मग परत. पण छे, शब्द दिलाय हे सुरू झालंच. सुमनताई पुन्हा मेथीकडं वळल्या होत्या, वर न बघता म्हणाल्या, "शब्द तुमी दिला. तिनं घेतला का?"

त्यावर ज्योतीराम पायरीवर बसला. आत गेला नाही आणि परतही निघाला नाही. सुमनताईंनी चहा केला, तो आम्ही प्यायलो. आता या माणसाला उचलून न्यावं लागणार, असा विचार मी करत होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि एक भाजीवाला ओरडायला लागला.

पांढरी गाडी गल्लीत अर्धी तिरकी घुसली होती. शहेबाजनं दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून ती सुरू करून दिली होती, आणि जवळपास केक पोचवण्यापलीकडं कधी गाडी न नेलेली विजयश्री ती दापोडीपर्यंत घेऊन आली होती, एकटी. ती खाली उतरली. तिनं बॉनेट उघडलं आणि ज्योतीरामसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, दिवा आणलाय. काय करायचं ते करा. पण नीट होईपर्यंत गाडी सोडून जायचं नाही."

"लगेच न्हाई जायचं धुकं," ज्योतीराम म्हणाला. "आतली वल सुकाया दिवस लागतील."

"लागू देत की."

तो उठला. सुमनताईंच्या अंबाड्यातला आकडा मागून घेऊन, बॉनेटमध्ये वाकून त्यानं भोकांतलं सिलिकॉन टोकरून काढलं. सुमनताईंच्या बटणांच्या डब्यात कंपनीतल्या दोन टोप्या निघाल्या. त्या बसवायला तो हात पुढं करत होता, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. हे माझं काम हाय, म्हणाल्या. अंगठ्यानं दाबून, जरा पीळ देऊन त्यांनी एक टोपी बसवली, मग दुसरी. ज्योतीराम मोबाईलचा उजेड धरून, मान लांब करून बघत होता. शाळेत पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलासारखा दिसत होता. मला हसू आलं.

जाताना कपड्यांची पिशवी विजयश्रीनंच उचलून मागच्या सीटवर टाकली. त्यानं ती परत उतरवली नाही. गल्लीतून गाडी मागं घेताना तो बाहेर उभा राहून हातवारे करत होता, डावीकडं, अजून डावीकडं, आणि आतून ती ओरडत होती की एकदा काय ते नक्की सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर खिडकीत बसलो. बायकोनं चहा आणून दिला आणि तीही शेजारी बसली. लक्ष ठेवायला, असं मी तिला म्हणालो नाही.

दोघं बरोबरच खाली आले. ज्योतीराम माकडटोपीत, विजयश्री स्वेटरमध्ये. दिवे कुणी लावले नाहीत. ज्योतीराम गाडीसमोर वाकला. वरून मलाही दिसत होतं, बरंचसं गेलं होतं, पण काचेच्या खालच्या कोपऱ्यात धुक्याचा पट्टा अजून होता. तो वाकूनच राहिला. काल एवढं सगळं झालं, तरी या माणसाचा काय नेम.

"दिसतंय," तो शेवटी म्हणाला.

"मलाही दिसतंय," ती म्हणाली. "चहा ठेवलाय, गार होईल. चला."

ज्योतीराम कमरेवर हात देऊन सरळ झाला. दिव्याकडं एकदा बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि शब्दाचा पक्का ज्योतीराम तिच्यामागून मुकाट्यानं जिना चढला. थोड्या वेळानं वरून दोघांचे चढे आवाज यायला लागले. चहात साखर जास्त पडली होती म्हणे.